काळ्या मातीची तहान आणि गव्हाचे रानटी भाऊबंद

उज्जैन जिल्ह्यात गव्हाचा पेरा होतो तेव्हा पाऊस परत गेलेला असतो. वर्षाकाठी साधारण ९०० मिलिमीटर पडतो, पण तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरातच आटोपतो. हस्ताची एखादी सर आली तर आली. पुढे मार्चपर्यंत आभाळ कोरडंच. हिवाळ्यातला मावठा कधी येतो, कधी हुलकावणी देतो. तरीही बडनगर, खाचरोद, तराणा, महिदपूर या पट्ट्यात पिढ्यानपिढ्या गहू पिकत आला, तो विहिरीच्या जोरावर नव्हे, मातीच्या जोरावर. लाव्हाच्या खडकापासून झालेली ही काळी जमीन मीटरभर खोलीत दीडशे ते दोनशे मिलिमीटर पाणी पिकासाठी धरून ठेवू शकते. पूर्वी माळव्यातली बरीच शेतं पावसाळाभर पडीक असत. शेतकरी ती वखरत, तण काढत, पाणी जिरवत आणि ऑक्टोबरात त्या ओलीवर तिफणीने गहू पेरत. नंतर पाणी द्यायचा प्रश्नच नव्हता. पेरणीच्या दिवशी जमिनीच्या पोटात जे असेल तेच पिकाचं हंगामभराचं भांडवल.

हा गहू म्हणजे मालवी गहू. दाणा कडक, पिवळसर, चकचकीत. शास्त्रीय भाषेत तो ड्युरम. महाराष्ट्रातला बन्सी त्याच जातकुळीचा. आधी उकडून मग गोवऱ्यांवर भाजलेला आणि तुपात बुडवलेला बाफला खरा तो याच्याच जाडसर पिठाचा, यावर माळव्यातल्या मराठी घरांतही दुमत नाही.

चित्र पालटलं ते १९७० नंतर. पडीक जमिनीत सोयाबीन आलं. त्याने शेतकऱ्याच्या हाती चार पैसे दिले, पण पावसाळ्यात मुरणाऱ्या पाण्यातला आपला वाटाही घेतला. गव्हासाठी कूपनलिका खोदल्या गेल्या, ओलिताला चांगला उतारा देणारे लोकवनसारखे वाण आले आणि मालवी गहू मागे सरला. भूजल खोल खोल जात राहिलं. शेजारच्या देवासला १९९० च्या उन्हाळ्यात इंदूरहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. खुद्द शिप्रेत नर्मदेचं पाणी उपसून सोडणारी योजना २०१४ मध्ये सुरू झाली आणि २०१६ चा सिंहस्थ त्या पाण्याच्या आधाराने पार पडला. पावलोपावली पाणी अशी ज्याची ख्याती, त्या माळव्यात आज गव्हाच्या एकेका पाळीचा हिशेब करावा लागतो.

कमी पाण्यावर तग धरणारा गहू आणायचा कुठून, हा प्रश्न आता उज्जैनपुरता राहिलेला नाही. जगभरचे पैदासकार त्याचं उत्तर शोधताना गव्हाच्या रानटी नातलगांपाशी जातात, म्हणजे पश्चिम आशियाच्या डोंगरउतारांवर आपसूक उगवणाऱ्या, कुसळांनी भरलेल्या गवतांपाशी. त्या गवतांत दुष्काळाला तोंड देण्याची अमाप ताकद आहे, हे खरंच आहे. पण बातम्यांमध्ये येतं तसं ‘दुष्काळ-प्रतिकारक जनुक सापडलं’ इतकं ते सरळ नाही. त्या गवतांकडे एक उत्तर नाही. डझनावारी उत्तरं आहेत, आणि प्रत्येक उत्तर कुठल्या तरी विशिष्ट डोंगराच्या, विशिष्ट पावसाच्या मापाने बेतलेलं आहे.

तहान सगळीकडे सारखी नसते, हे आधी लक्षात घ्यायला हवं. भूमध्य समुद्राच्या काठी गव्हाच्या वाढीच्या काळातच पाऊस पडतो आणि दाणा भरायच्या सुमाराला थांबतो. माळव्यात सगळं पाणी पेरणीआधीच जमिनीत गेलेलं असतं. ते वरून खाली सुकत जातं. वरचा थर लवकर कोरडा झाला की नवी मुळं धरत नाहीत, फुटवे कमी येतात. फेब्रुवारी सरताना, नेमका दाणा चिकात असताना, गरम वारे सुटतात आणि तेव्हा उरलेली ओल हातभर खाली असते. मार्च २०२२ मध्ये तर देशातल्या १९०१ पासूनच्या नोंदींतला सर्वांत उष्ण मार्च अनुभवाला आला. उत्तर आणि मध्य भारतात दाणा चिमला आणि १३ मे रोजी सरकारने गव्हाची निर्यात थांबवली.

अशा साठवलेल्या पाण्यावर रोपाने कसं वागावं, याचा एक सुंदर प्रयोग ऑस्ट्रेलियात झाला. जॉन पासिऊरा या शास्त्रज्ञाने १९७२ मध्ये फक्त जमिनीतल्या ओलीवर गहू वाढवला. काही रोपांची बियाण्यातून फुटणारी सगळी मुळं राखली, काहींना त्यातलं एकच मूळ ठेवलं. कुणालाही वाटेल की जास्त मुळांचं रोप जिंकेल. झालं उलट. एका मुळाच्या रोपाने धान्य जास्त दिलं. बऱ्याच मुळांचं रोप म्हणजे वर्षाची कणगी दिवाळीतच रिकामी करणारं घर. त्याने सुरुवातीला भराभर पाणी ओढून पानं वाढवली आणि फुलोऱ्यानंतर त्याच्याजवळ काही उरलं नाही. एका मुळाच्या रोपाला इच्छा असती तरी उधळपट्टी करता आली नसती. पुढे पासिऊरा आणि रिचर्ड रिचर्ड्‌स यांनी मुळांतल्या पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या बारीक असलेल्या गव्हाची निवड केली आणि कोरड्या हंगामात त्याचा फायदा दाखवून दिला.

उज्जैनच्या मातीशी या प्रयोगाचं नातं थेट आहे. इथल्याच वराहमिहिराने सहाव्या शतकात ‘बृहत्संहिते’त झाडं-झुडपं आणि वारुळं पाहून जमिनीखालचं पाणी कसं ओळखावं यावर आख्खं प्रकरण लिहिलं. आजच्या पैदासकाराचं काम त्याच्या उलट दिशेने चालतं: खाली पाणी किती आहे ते त्याला ठाऊक असतं, रोप त्याचं काय करतं हे पाहायचं असतं.

पाणी तुटलं की रोपं ढोबळमानाने तीन वाटांनी जातात. काही दुष्काळ गाठायच्या आत मोकळी होतात. लवकर फुलतात, लवकर पिकतात. काही पाणी जपतात; पानावरची रंध्रं वेळीच मिटून घेतात, पानांवर मेणाचा थर चढवतात, पान सुरळीसारखं वळवतात, मूळ खोल धाडतात. आणि काही कोरड अंगावर घेतात. पेशींत शर्करा आणि प्रोलीनसारखी द्रव्यं साठवून आतलं उरलंसुरलं पाणी धरून ठेवतात, काडात आधी साठवलेली साखर शेवटच्या पंधरवड्यात दाण्याकडे वळवतात. प्रत्येक वाटेची किंमत असते. लवकर पिकणाऱ्याला चांगल्या वर्षाचा लाभ पुरता घेता येत नाही. रंध्रं मिटली की पाणी वाचतं, पण हवेतला कार्बन डायऑक्साइड आत येणंही थांबतं, म्हणजे अन्न बनणंच मंदावतं. शिवाय पान तापतं. खोल मूळ वाढवायलाही अन्न लागतं, आणि खाली पाणीच नसेल तर तो खर्च वाया.

पोळीचा गहू या बाबतीत गरीब आहे, आणि त्याला इतिहास कारणीभूत आहे. त्याच्या प्रत्येक पेशीत ४२ गुणसूत्रं असतात आणि ती तीन वेगवेगळ्या गवतांकडून आलेली आहेत. ट्रिटिकम उरार्तू नावाचं एक रानटी गवत आणि एजिलॉप्स स्पेल्टॉइडिसच्या जवळचं दुसरं, यांचा संकर निसर्गात लाखो वर्षांपूर्वी झाला. त्यातून २८ गुणसूत्रांचा रानटी एमर तयार झाला. माणसाने तो शेतात आणला. त्याच्याच वंशातले आपला खपली आणि मालवी. पुढे आठ-दहा हजार वर्षांपूर्वी, कॅस्पियन समुद्राच्या दक्षिणेकडच्या प्रदेशात, शेतातल्या गव्हाशी बांधावरच्या एजिलॉप्स टाउशाय या तणाचा योगायोगाने संकर झाला आणि पोळीचा गहू जन्मला. हा योगायोग मोजक्याच वेळा घडला. म्हणजे अफाट पसरलेल्या त्या तणातल्या थोड्याच रोपांचा वारसा आपल्या गव्हात आला, बाकीचा सगळा डोंगरातच राहिला.

माळव्यापुरतं पाहिलं तर ही ताटातूट आणखी ठळक आहे. विष्णू श्रीधर वाकणकरांनी उज्जैनपासून पंचवीसेक किलोमीटरवरच्या कायथ्याचं उत्खनन १९६४ च्या सुमारास हाती घेतलं आणि या भागातली चार हजार वर्षांपूर्वीची वस्ती उजेडात आणली. नर्मदेकाठी महेश्वरासमोर नावडातोलीला पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकळिया यांच्या पथकाला साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या थरांत गव्हाचे जळालेले दाणे मिळाले. गहू इतका जुना इथला रहिवासी. पण तो आला तो एकटा. पश्चिम आशियात शेतातला गहू आणि डोंगरातला गहू यांची हजारो वर्षं शेजारीण-शेजारीण अशी देवाणघेवाण चालू राहिली, वाऱ्यावरचे परागकण इकडून तिकडे जात राहिले. माळव्याच्या गव्हाला असा शेजार कधीच लाभला नाही. जे बरोबर आणलं त्यातूनच त्याने काळ्या मातीशी जुळवून घेतलं.

रानटी एमर प्रत्यक्ष रानात सापडला तो १९०६ मध्ये. गॅलिली सरोवराच्या उत्तरेला रोश पिना इथे अहरोन अहरोनसन या शेतीशास्त्रज्ञाने तो खडकाच्या फटीत उगवलेला पाहिला. शेतातल्या गव्हाची लोंबी पिकल्यावर अख्खी राहते. याची पिकली की टिकल्याटिकल्यांनी सुटते आणि प्रत्येक तुकडा जमिनीवर पडतो. त्या तुकड्याला दोन लांब कुसळं असतात. जर्मनी आणि इस्रायलच्या संशोधकांनी २००७ मध्ये ही कुसळं काय करतात ते दाखवलं. दिवसा हवा कोरडी झाली की ती बाहेरच्या बाजूला वाकतात, रात्री दमट हवेत पुन्हा सरळ होतात. त्यांच्यावरचे बारीक काटे तुकड्याला मागे सरकू देत नाहीत. त्यामुळे दररोजच्या उघडमिटीबरोबर दाणा थोडा थोडा मातीत शिरतो. मेलेल्या, सुकलेल्या कुसळाने, कुठलीही ऊर्जा न खर्चता, फक्त हवेतल्या ओलाव्याच्या चढउतारावर आपलं बी पेरावं, हे वाचूनही खरं वाटत नाही.

त्या तुकड्यात बहुधा दोन दाणे असतात, एक मोठा आणि एक लहान. पहिला पाऊस पडला की मोठा रुजतो. लहान बऱ्याचदा निजून राहतो, पुढच्या वर्षीपर्यंत. पहिल्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला आणि मोठ्याचं रोप वाळलं, तरी वंश बुडत नाही. शेतकऱ्याला असला गहू अजिबात परवडणार नाही. त्याला सगळं बियाणं एका दिवशी उगवायला हवं. म्हणून माणसाने निवड करता करता हा गुण काढून टाकला. त्याच निवडीत कळत-नकळत आणखी काय काय गळून पडलं, याचाच शोध आज चालू आहे.

आणि इथे ‘रानटी एमर’ असं एकवचन वापरणंही फसवं ठरतं. गॅलिलीकाठच्या ताबिघा या ठिकाणी शंभरएक मीटरच्या पट्ट्यात दोन प्रकारच्या माती एकमेकींना खेटून आहेत: एक तांबडी, चुनखडकावरची; दुसरी बेसॉल्टपासून झालेली, म्हणजे उज्जैनच्या मातीच्याच गोत्रातली. हैफा विद्यापीठाच्या एव्हियातार नेवो यांच्या गटाला दोन्ही बाजूंच्या रोपांत जनुकीय फरक सापडला. वारा एक, पाऊस एक, अंतर दगड फेकण्याइतकं, तरी दोन मातींनी दोन स्वभाव घडवले. जवळच्या अम्मियादमध्ये १९८४ पासून वर्षानुवर्षं एकाच टेकडीवरच्या रानटी गव्हाचा मागोवा घेतला गेला. तिथेही कडा, घळ आणि खडकाळ उतार यांवरची रोपं वेगळी निघाली.

हिब्रू विद्यापीठाच्या झ्वी पेलेग, येहोशुआ सारंगा आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये वेगवेगळ्या ठिकाणांहून आणलेला रानटी एमर मुबलक पाण्यावर आणि अपुऱ्या पाण्यावर असा दोन्ही प्रकारे वाढवून पाहिला. उष्ण, कोरड्या जागांहून आलेली रोपं सर्वसाधारणपणे पाणी तुटल्यावरही उत्पादनात टिकून राहिली. हे अपेक्षितच. पण एकाच जागेहून आलेल्या रोपांतही मोठी तफावत होती. आणखी एक गोष्ट दिसली: पाणी तुटल्यावर रानटी रोपांनी आपली चाल शेतातल्या गव्हापेक्षा जास्त बदलली. पाणी असताना एक वागणं, नसताना दुसरं. शेतातला गहू बऱ्याच अंशी एकाच ठेक्यात चालत राहिला. हा लवचीकपणा कदाचित सर्वांत मोलाचा गुण असेल, कारण शेतकऱ्याला पेरताना वर्ष कसं जाणार ते ठाऊक नसतं.

एजिलॉप्सच्या घराण्यात हीच गोष्ट वेगळ्या रंगात दिसते. त्याच्या वीसहून अधिक जाती. काही भूमध्य किनाऱ्यावरच्या, काही इराणच्या पठारावरच्या, काही मध्य आशियातल्या. टाउशाय हे तण तर तुर्कस्तानापासून चीनपर्यंत पसरलेलं. ज्याचं राज्य इतकं लांबरुंद, त्याच्या एका मुठीतल्या बियांवरून साऱ्या जातीबद्दल बोलणं चुकीचंच. तरीही शोधनिबंधांच्या मथळ्यांत ‘अमुक जात दुष्काळ सोसते’ असं सर्रास येतं. कुठली जात, हे सांगणं पुरेसं नाही. कुठल्या टेकडीवरची, किती खोल मातीतली, आणि कुठल्या प्रकारच्या कोरडेपणात तपासलेली, हे कळल्याशिवाय त्या वाक्याचा माळव्याच्या शेतकऱ्याला काडीचा उपयोग नाही.

रानातला गुण शेतात आणायचा मार्ग सापडला दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. जपानमध्ये हितोशी किहारा आणि अमेरिकेत मॅकफॅडन व सीअर्स या दोन गटांनी, परस्परांचा पत्ता नसताना, १९४४ मध्ये एजिलॉप्स टाउशाय हाच पोळीच्या गव्हाचा तिसरा पूर्वज असल्याचं दाखवून दिलं. त्यातून एक शक्यता उघडली: आठ-दहा हजार वर्षांपूर्वी कॅस्पियनकाठी जे चुकून घडलं ते आता हातांनी, हव्या तितक्या वेळा घडवता येईल. ड्युरम गव्हाच्या फुलावर टाउशायचा पराग टाकायचा. होणारा गर्भ बहुधा जगत नाही, म्हणून तो कोवळा असतानाच काढून काचेच्या नळीत वाढवायचा. रोप वांझ असतं. त्याची गुणसूत्रं दुप्पट करायला कोल्चिसिन वापरायचं. हे द्रव्य आपल्याकडच्या कळलावीच्या कंदातही असतं. इतकं केल्यावर हाती येतो तो ‘कृत्रिम’ म्हटला जाणारा गहू. नाव कृत्रिम, पण रक्त रानाचं. मेक्सिकोच्या सिमिट या आंतरराष्ट्रीय संस्थेत अब्दुल मुजीब काझी यांच्या पुढाकाराने असे हजाराहून अधिक गहू तयार झाले.

त्यांचा नेहमीच्या वाणांशी संकर करून जे वंश मिळाले, त्यांचं पाण्याशी वागणं मॅथ्यू रेनॉल्ड्‌स आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मांडलं. मुळांचा एकूण पसारा वाढण्याऐवजी त्यांचा वाटा खाली, ६० ते १२० सेंटीमीटरच्या पट्ट्यात सरकला होता आणि तिथलं पाणी ओढून घ्यायची क्षमता वाढली होती. उज्जैनच्या काळ्या जमिनीत फेब्रुवारी अखेरची ओल नेमकी याच खोलीत असते. त्याच अभ्यासात मेक्सिकोतल्या जुन्या गावठी गव्हांची चाल निराळी निघाली: त्यांच्या काडात फुलोऱ्यानंतर विरघळणारी शर्करा जास्त साठलेली होती.

अर्थात रानाकडून फुकट काही मिळत नाही. हव्या गुणाबरोबर नको ते शेपूट येतं: गळणारी लोंबी, दाण्याला घट्ट चिकटलेलं तूस, उंच लोळणारं काड, बारीक दाणा. हे सगळं गाळत गाळत पुन्हा चांगल्या वाणाशी संकर करत राहावं लागतं, आणि त्यात वर्षं जातात. या कामाला पैसा देणाऱ्यांचा धीर बहुतेक वेळा गव्हापेक्षा आधी संपतो, ही या क्षेत्राची मोठी अडचण आहे.

धीर टिकला की काय होतं, याचं उदाहरण ‘जबल’ हा ड्युरम गहू. कोरडवाहू शेतीसाठी काम करणाऱ्या इकार्डा संस्थेची जनुकपेढी सीरियात अलेप्पोजवळ होती. यादवी पेटल्यावर संस्थेला तिथून बाहेर पडावं लागलं. सुदैवाने बियांच्या जोडप्रती नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटावरच्या, २००८ मध्ये उघडलेल्या, बर्फाळ कोठारात ठेवल्या होत्या. २०१५ मध्ये त्या कोठारातून पहिल्यांदाच बियाणं परत मागवलं गेलं, ते इकार्डाने, आणि लेबनॉन व मोरोक्कोत ते पुन्हा वाढवलं. इकार्डाने ड्युरमचा सीरियातल्या एजिलॉप्स स्पेल्टॉइडिसशी संकर करून तयार केलेले वंश मोरोक्कोच्या शेतकऱ्यांसमोर ठेवले. दुष्काळात बाजूचं पीक करपलं असताना ज्याचे दाणे भरले, तो वंश शेतकऱ्यांनीच निवडला; तोच जबल.

आपल्याकडेही या कामाची जमीन तयार आहे. अल्बर्ट आणि गॅब्रिएल हॉवर्ड हे पुसाचे गहू देणारं जोडपं १९२४ मध्ये इंदूरला आलं. भारतीय कृषी संशोधन संस्थेचं इंदूरचं गहू केंद्र १९५१ पासून चालू आहे. मालवी गव्हाला तांबेऱ्याने आणि ओलिताच्या वाणांनी मागे सारलं असताना या केंद्राने त्याच्यावर काम सोडलं नाही. मालव शक्ती, मालव कीर्ती, पोषण, पूसा तेजस हे ड्युरम वाण तिथूनच आले, तसेच एक-दोन पाण्यावर येणारे अमृता आणि हर्षिता हे पोळीचे गहूही. महाराष्ट्रात निफाडचं केंद्र आणि पुण्याची आघारकर संशोधन संस्था यांनी कोरडवाहू गव्हावर दीर्घकाळ काम केलं. शंकर पुरुषोत्तम आघारकरांनी १९४६ मध्ये महाराष्ट्र विज्ञान वर्धिनी म्हणून सुरू केलेल्या या पुण्याच्या संस्थेत २००६ च्या सुमारास एक वेगळं मोजमाप तपासलं गेलं. हवेतल्या कार्बनचे हलका आणि जड असे दोन प्रकार असतात. रंध्रं उघडी असली की रोप हलकाच निवडून घेतं. मिटत आली की जडही पदरात घेतं. म्हणून दाण्यातलं दोघांचं प्रमाण पाहिलं की रोपाने हंगामभर पाणी कसं खर्चलं याचा माग लागतो. एस. सी. मिश्रा, व्ही. एस. राव आणि सहकाऱ्यांनी दख्खनच्या गव्हावर हे मोजून पाहिलं, तेव्हा पीक ओलिताखाली आहे की उरलेल्या ओलीवर, यानुसार हे प्रमाण आणि उतारा यांचं नातं बदलताना दिसलं. ऑस्ट्रेलियाने याच मोजमापाच्या आधारे ‘ड्रायसडेल’ हा वाण २००२ मध्ये आणला. साठवलेल्या ओलीच्या भागांत तो जास्त कामी आला.

आणि खपली. सांगली-साताऱ्यापासून बेळगाव-विजापूरपर्यंत खिरीसाठी आणि पुरणपोळीसाठी जपला गेलेला हा गहू रानटी एमरचा घरी आलेला सख्खा वंशज. १९०८ मध्ये त्याचं बियाणं भारतातून अमेरिकेला गेलं. तांबेऱ्याच्या जाती ओळखायला स्टॅकमन आणि लेव्हिन यांनी १९२२ मध्ये बारा गव्हांचा जो जागतिक संच ठरवला त्यात ‘खपली’ याच नावाने तो दाखल झाला, आणि त्याच्यातली प्रतिकारशक्ती पुढे कितीतरी देशांच्या गव्हात गेली. तांबेऱ्यासाठी जगाने जे केलं ते पाण्यासाठी खपलीबाबत आणि माळव्याच्या जुन्या मालवी वाणांबाबत करायला हवं. शिवाय मालवी ड्युरमला रानटी नातलग जोडून घेणं तुलनेने सोपं आहे, कारण कृत्रिम गव्हाची आई ड्युरमच असते. मेक्सिकोत किंवा मोरोक्कोत तयार झालेला वंश जसाच्या तसा उचलण्यापेक्षा टाउशायच्या निरनिराळ्या टेकड्यांवरच्या बिया थेट मालवीशी जोडाव्यात, हा मार्ग अधिक शहाणपणाचा वाटतो.

त्यासाठी बियांची तूट नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पती जनुकसंपदा ब्युरोने २०११-१२ च्या रब्बीत आपल्या संग्रहातले २२ हजारांच्या आसपास गव्हाचे नमुने हिसारला एकाच वेळी पेरून तपासले, आणि लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाने रानटी गव्हाचा मोठा संग्रह सांभाळला आहे. तूट आहे ती काळ्या मातीत उतरून पाहण्याची. हिसार-लुधियानाची गाळाची, ओलिताची जमीन आणि उज्जैनची सुकताना भेगाळणारी जमीन यांत मुळाचं आयुष्य सारखं नसतं. भेग पडली की ती मूळही तोडते आणि खालची ओल हवेला उघडी करते. खोल मूळ असलेला वंश गाळाच्या जमिनीत पहिला आला म्हणून तो भेगाळलेल्या काळीत तसाच वागेल, असं गृहीत धरता येत नाही. हे तपासायचं तर पेरणी, फुलोरा आणि कापणी अशा तीन वेळी शेतात चर खणून दर वीतभर खोलीवरची ओल आणि मुळं मोजावी लागतात, तीही सलग काही हंगाम, कारण एका वर्षी मावठा येतो आणि सगळा हिशेब बदलतो. जनुकांचा नकाशा वाचणं आता त्यामानाने स्वस्त आणि झटपट झालं आहे; रानटी एमरचा २०१७ मध्ये, पोळीच्या गव्हाचा २०१८ मध्ये आणि ड्युरमचा २०१९ मध्ये प्रसिद्धही झाला. चर खणायला मात्र अजून माणसंच लागतात, आणि ते काम ऑक्टोबर ते मार्च याच दिवसांत करावं लागतं.